केंटकीचा सर्वांत गुणवान बास्केटबॉल संघ कोणता? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतील लेक्सिंग्टन शहरातल्या केंटकी विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाने १९४८, १९४९, १९५१, १९५८, १९७८, १९९६, १९९८ आणि २०१२ अशी आठ वर्षे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आहे. एवढा वारसा असल्यामुळे दर हिवाळ्यात नवा संघ मैदानात उतरला, की त्याला जुन्या महान संघांच्या शेजारी उभे करून पाहिले जाते. अशा तुलनेत नेहमी उपस्थित होणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

या तुलनेत प्रामुख्याने कोणते संघ येतात?

तीन संघांची नावे सर्वांत आधी घेतली जातात. पहिला रिक पिटिनो यांच्या मार्गदर्शनाखालील १९९५-९६ चा संघ, ज्याने ३४ सामने जिंकले, २ गमावले आणि विजेतेपद मिळवले. दुसरा जॉन कॅलिपारी यांचा २०११-१२ चा संघ, ज्याने ३८ विजय आणि २ पराभवांसह विजेतेपद मिळवले. तिसरा कॅलिपारी यांचाच २०१४-१५ चा संघ, ज्याने लागोपाठ ३८ सामने जिंकले आणि एकोणचाळिसावा, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेचा उपांत्य सामना, गमावला. यांच्या जोडीला २००९-१० चा संघ आणि प्रशिक्षक अडॉल्फ रप यांच्या काळातले १९४७-४८ व १९५३-५४ चे संघही चर्चेत येतात, परंतु त्यांच्याबाबत वेगळा विचार करावा लागतो आणि तो पुढे केला आहे.

संघाची गुणवत्ता मोजायची कशाने?

साधारणपणे तीन मोजमापे वापरली जातात. खेळाडू शालेय पातळीवर किती नावाजलेला होता, हे पहिले. एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे लीगमधील संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्या वार्षिक प्रक्रियेत, तो कितव्या क्रमांकावर निवडला गेला, हे दुसरे. पुढे व्यावसायिक कारकीर्द किती मोठी झाली, हे तिसरे. या तिन्हींत एक समान उणीव आहे. पहिले मोजमाप खेळाडू महाविद्यालयात येण्याआधीचे आहे, तर उरलेली दोन तो तिथून निघाल्यानंतरची आहेत. ज्या चार-पाच महिन्यांत तो खरोखर केंटकीचा गणवेश घालून खेळला, त्या काळात तो कसा होता, हे त्यांपैकी एकही सांगत नाही.

म्हणून चौथे मोजमाप सर्वांत महत्त्वाचे मानावे, असे माझे ठाम मत आहे: त्या हंगामात, त्या वयात, त्याला मिळालेल्या मिनिटांत खेळाडूने प्रत्यक्ष काय केले, आणि संघाच्या खेळण्याच्या पद्धतीने त्याच्या कौशल्याचा किती वापर करून घेतला. हे मोजणे अवघड आहे, कारण त्यासाठी सामने पाहावे लागतात, खेळाडूंच्या मिनिटांचे तक्ते वाचावे लागतात आणि प्रतिस्पर्धी कोण होता हेही लक्षात ठेवावे लागते. तरीही त्याला पर्याय नाही.

ड्राफ्टमधील निवड पाहिली, तर निर्णय लागत नाही का?

ती पाहायला हवी, पण जपून. २०१२ च्या ड्राफ्टमध्ये केंटकीचे सहा खेळाडू निवडले गेले: अँथनी डेव्हिस पहिला, मायकल किड-गिलख्रिस्ट दुसरा, टेरन्स जोन्स अठरावा, मार्क्विस टीग एकोणतिसावा, डॉरॉन लॅम्ब बेचाळिसावा आणि डेरियस मिलर सेहेचाळिसावा. एकाच महाविद्यालयाचे दोन खेळाडू पहिल्या दोन क्रमांकांवर निवडले जाण्याची ती पहिलीच वेळ होती. २०१५ मध्येही सहाच निवडले गेले: कार्ल-अँथनी टाउन्स पहिला, विली कॉली-स्टाइन सहावा, ट्रे लायल्स बारावा, डेव्हिन बुकर तेरावा, अँड्र्यू हॅरिसन चव्वेचाळिसावा आणि डकारी जॉन्सन अठ्ठेचाळिसावा. १९९५-९६ च्या संघातील नऊ जण पुढे एनबीएत खेळले, मात्र त्यांची निवड तीन वेगवेगळ्या वर्षांच्या ड्राफ्टमध्ये विखुरलेली आहे आणि जेफ शेपर्ड व वेन टर्नर हे दोघे तर ड्राफ्टमध्ये निवडलेच गेले नव्हते.

आता बुकरचे उदाहरण घ्या. २४ मार्च २०१७ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने बॉस्टनविरुद्ध एका सामन्यात ७० गुण केले आणि पुढे तो त्याच्या पिढीतील सर्वोत्तम गुण मिळवणाऱ्यांपैकी एक ठरला. त्यामुळे २०१४-१५ च्या संघाची यादी आज वाचताना त्याचे नाव डोळ्यांत भरते. प्रत्यक्षात त्या हंगामात तो राखीव खेळाडू म्हणून मैदानात येत असे आणि सामन्यामागे सरासरी १० गुण करत असे. ही कामगिरी चांगलीच होती, परंतु २०१५ मधील बुकरच्या जागी २०१७ मधला बुकर ठेवून त्या संघाचे मोल ठरवणे हा सरळ अन्याय आहे, तोही इतर संघांवर. नझर मोहम्मदचेही तसेच आहे. तो २०१६ पर्यंत एनबीएत टिकला, पण १९९५-९६ मध्ये पहिल्या वर्षाचा विद्यार्थी म्हणून तो फारसा खेळलाच नव्हता.

उलट बाजूने पाहायचे, तर त्याच १९९५-९६ च्या संघाचा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळाची आखणी करणारा, अँथनी एप्स एनबीएत कधीच खेळला नाही. ज्याच्या हातून चेंडू आधी जात असे, त्याचे नाव ड्राफ्टच्या हिशेबात शून्य ठरते. जे मोजमाप एप्सला शून्य देते आणि मोहम्मदला भरभरून गुण देते, त्यावर त्या हंगामापुरता तरी विश्वास ठेवता येत नाही.

शालेय पातळीवरील नावलौकिकाला किती महत्त्व द्यावे?

थोडेच. २०१४-१५ च्या संघात मॅकडोनाल्ड्स ऑल-अमेरिकन या देशातील निवडक शालेय खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडले गेलेले नऊ खेळाडू होते. ही संख्या अचंबित करणारी आहे. मात्र त्या हंगामाअखेर देशातील सर्वोत्तम पाच जणांच्या ऑल-अमेरिका संघात केंटकीचा जो खेळाडू निवडला गेला, तो कॉली-स्टाइन, त्या नऊ जणांत नव्हता. तो तिसऱ्या वर्षाला होता, सात फूट उंचीचा होता आणि तरीही लहान चणीच्या गार्डच्या मागे धावून त्याला रोखू शकत होता.

२०१४-१५ च्या संघाची राखीव फळी खरोखरच इतकी भक्कम होती का?

होय, आणि महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये तशी फळी क्वचितच कुणाला लाभली असेल. हंगामाच्या सुरुवातीला कॅलिपारी पाच-पाच जणांच्या दोन तुकड्या आळीपाळीने मैदानात उतरवत असत. १८ नोव्हेंबर २०१४ रोजी त्यांनी कॅन्ससला ७२-४० असे हरवले. डिसेंबरमध्ये शिकागो येथे यूसीएलए या कॅलिफोर्नियातील विद्यापीठाविरुद्ध सुरुवातीलाच २४-० अशी आघाडी घेतली, मध्यंतराला धावफलक ४१-७ होता आणि सामना ८३-४४ असा संपला. दोन्ही प्रतिस्पर्धी परंपरेने केंटकीच्याच तोडीचे होते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचे वजन कळते.

त्याच महिन्यात ॲलेक्स पॉइथ्रेसच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला आणि तो हंगामाबाहेर गेला. तुकड्यांची पद्धत मोडली, तरी नऊ जण नियमित खेळत राहिले आणि त्यांच्यापैकी कुणाचीही सरासरी ४० मिनिटांच्या सामन्यात २६ मिनिटांच्या वर गेली नाही. पुढच्या फळीतील टाउन्स, कॉली-स्टाइन, लायल्स आणि जॉन्सन हे चौघेही सहा फूट दहा इंच किंवा त्याहून उंच होते. बास्केटजवळ जाऊन सोपा शॉट घेणे प्रतिस्पर्ध्यांना जवळजवळ अशक्य होत असे. राष्ट्रीय स्पर्धेत वेस्ट व्हर्जिनियाला त्यांनी ७८-३९ असे, म्हणजे बरोबर दुप्पट गुणांनी नमवले.

मग तो संघ विस्कॉन्सिनकडून का हरला? गुणवत्ता कमी पडली का?

४ एप्रिल २०१५ रोजी इंडियानापोलिस येथे केंटकी ७१-६४ असा हरला. या पराभवाकडे दोन टोकांनी पाहिले जाते. काहींच्या मते तो संघ मुळातच फुगवून सांगितलेला होता, तर काहींच्या मते तो निव्वळ एक वाईट दिवस होता. मला दोन्ही मते पटत नाहीत.

त्या रात्री शेवटच्या टप्प्यात केंटकीकडे ६०-५६ अशी आघाडी होती. त्यानंतर संघाची बास्केट होईना आणि शॉट क्लॉकची, म्हणजे शॉट घेण्यासाठी मिळणारी, ३५ सेकंदांची मुदत लागोपाठ तीन वेळा संपून चेंडू प्रतिस्पर्ध्यांकडे गेला. समोर फ्रँक कॅमिन्स्की होता, शेवटच्या वर्षाचा, देशातील सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळवलेला. त्याने २० गुण आणि ११ रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर ताब्यात घेतलेले चेंडू) मिळवले. सॅम डेकरने १६ गुण केले. विस्कॉन्सिनचा खेळ संथ, मोजूनमापून चेंडू फिरवणारा होता, आणि नेमक्या अशाच सामन्यात राखीव फळीचा उपयोग सर्वांत कमी होतो. खेळ संथ असला की प्रतिस्पर्धी दमत नाहीत. शेवटच्या पाच मिनिटांत मैदानात पाचच जण असतात आणि बाकावर आणखी चार उत्तम खेळाडू बसले आहेत, याचा काहीच फायदा होत नाही. त्या पाच मिनिटांत चेंडू कुणाच्या हाती द्यायचा, हे संघाला ठाऊक असावे लागते. हंगामभर सगळ्यांत वाटून खेळल्यामुळे २०१४-१५ च्या संघात सामन्यामागे ११ गुणांहून अधिक सरासरी कुणाचीच नव्हती. जे वाटप ३८ सामन्यांत बळ ठरले, तेच एकोणचाळिसाव्यात अडचण ठरले, असे मला वाटते.

त्याआधीच्या फेरीत नोत्र दामविरुद्धचा ६८-६६ असा निसटता विजय हीच गोष्ट सुचवत होता. तिथे अँड्र्यू हॅरिसनच्या अखेरच्या क्षणांतील दोन फ्री थ्रोंनी (फाउलनंतर मिळणाऱ्या विनाअडथळा शॉटनी) संघ वाचला.

२०११-१२ आणि २०१४-१५ या संघांची थेट तुलना केली, तर सरस कोण?

सहा-सहा खेळाडू समोरासमोर ठेवले, तर २०११-१२ चा संघ. नऊ-नऊ ठेवले, तर २०१४-१५ चा. हे उत्तर टाळाटाळीचे वाटू नये म्हणून थोडे स्पष्टीकरण देतो.

२०११-१२ मध्ये पहिले पाच जण सामन्यामागे साधारण २९ ते ३३ मिनिटे खेळत. डेव्हिस, लॅम्ब, जोन्स, किड-गिलख्रिस्ट, टीग आणि सहावा मिलर या सर्वांची गुणांची सरासरी ९.९ ते १४.२ यांच्या दरम्यान होती. डेव्हिसने त्या हंगामात १८६ शॉट अडवले आणि देशातील सर्वोत्तम खेळाडूचे प्रमुख पुरस्कार मिळवले. एवढे असूनही तो एका सामन्यात सरासरी नऊपेक्षा कमी शॉट घेत असे. न्यू ऑर्लिन्स येथील अंतिम सामन्यात कॅन्ससविरुद्ध त्याचे दहापैकी एकच शॉट बास्केटमध्ये गेले. त्याचे गुण केवळ ६ झाले, पण १६ रिबाउंड, ६ ब्लॉक (अडवलेले शॉट), ५ असिस्ट (बास्केट करून देणारे पास) आणि ३ स्टील (हिसकावलेले चेंडू) अशी कामगिरी करून तोच अंतिम टप्प्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि केंटकी ६७-५९ असा जिंकला. एका खेळाडूने फारसे गुण न करताही सामना असा आपल्या मुठीत ठेवावा, हे मी महाविद्यालयीन खेळात पाहिलेल्या सर्वांत मोठ्या गोष्टींपैकी एक आहे. २०१४-१५ च्या संघात टाउन्स आणि कॉली-स्टाइन दोघेही थोर होते, पण त्या वयातल्या डेव्हिसच्या उंचीला कुणीही पोहोचले नव्हते.

१९९५-९६ च्या संघाला इतका मान का दिला जातो?

कारण त्या संघाने आपली राखीव फळी खेळाच्या पद्धतीतूनच वापरात आणली. पिटिनो यांचे खेळाडू मैदानाच्या संपूर्ण लांबीवर प्रतिस्पर्ध्यांवर दबाव टाकत, चेंडू हिसकावत आणि लगेच तीन गुणांचे शॉट घेत. असा खेळ पाच-सहा जणांना चाळीस मिनिटे झेपत नाही. त्याला नऊ-दहा ताजेतवाने खेळाडू लागतात. त्यामुळे तिथे दहावा खेळाडूही शोभेपुरता नव्हता. जानेवारी १९९६ मध्ये लुइझियाना स्टेटविरुद्ध त्यांनी पहिल्याच सत्रात ८६ गुण केले आणि सामना १२९-९७ असा जिंकला.

राष्ट्रीय स्पर्धेतील सहा सामन्यांत त्यांचे विजयाचे सरासरी अंतर २१.५ गुणांचे होते. २०१२ च्या विजेत्या संघाचे ते जेमतेम १२ होते. वाटेत त्यांनी पुढे एनबीएत गाजलेल्या टिम डंकनच्या वेक फॉरेस्टला ८३-६३ असे हरवले. हंगामाच्या सुरुवातीला ज्या मॅसॅच्युसेट्स संघाने त्यांना ९२-८२ असे नमवले होते, त्याचाच उपांत्य सामन्यात ८१-७४ असा पराभव केला. अंतिम सामन्यात सिरॅक्यूजविरुद्ध टोनी डेल्कने तीन गुणांचे सात शॉट साधून २४ गुण केले, पहिल्या वर्षाच्या रॉन मर्सरने २० गुणांची भर घातली आणि केंटकी ७६-६७ असा विजयी झाला.

दुसरी गोष्ट वयाची. डेल्क, वॉल्टर मॅकार्टी आणि मार्क पोप हे शेवटच्या वर्षाला होते, तर अँटवॉन वॉकर दुसऱ्या वर्षाला. डेरेक अँडरसन ओहायो स्टेटमधून आणि पोप वॉशिंग्टनमधून आले होते. मर्सरसारखा देशात अत्यंत नावाजलेला नवा खेळाडू तिथे आधार म्हणून नव्हे, तर भर म्हणून आला होता.

वेगवेगळ्या काळांतील नियमांचा परिणाम कसा धरायचा?

वरील तिन्ही संघांना शॉट क्लॉक ३५ सेकंदांचाच होता, त्यामुळे त्या बाबतीत तुलना सोपी आहे. तीन गुणांची रेषा १९९६ मध्ये १९ फूट ९ इंचांवर होती आणि २०१२ व २०१५ मध्ये २० फूट ९ इंचांवर. आज शॉट क्लॉक ३० सेकंदांचा आणि रेषा २२ फूट पावणेदोन इंचांवर आहे.

याहून मोठा फरक एनबीएच्या वयाच्या नियमाने पडला. २००६ च्या ड्राफ्टपासून खेळाडूचे वय किमान १९ वर्षे असणे आणि शाळा संपून एक वर्ष लोटलेले असणे बंधनकारक झाले. परिणामी सर्वोत्तम मुले एका वर्षासाठी महाविद्यालयात येऊ लागली आणि लगेच निघून जाऊ लागली. कॅलिपारी यांचे संघ या नियमाच्या पोटी जन्मले, तर पिटिनो यांचा संघ त्याआधीचा. म्हणून १९९६ मधील बावीस वर्षांचा डेल्क आणि २०१५ मधील एकोणीस वर्षांचा टाउन्स यांची तुलना करताना आपण कौशल्याबरोबर वयाचीही तुलना करत असतो, हे विसरता कामा नये.

गुणवान खेळाडू असले की विजेतेपद मिळतेच का?

मुळीच नाही. २००९-१० च्या संघातील जॉन वॉल, डीमार्कस कझिन्स, पॅट्रिक पॅटरसन, एरिक ब्लेडसो आणि डॅनियल ऑर्टन असे पाच जण ड्राफ्टच्या पहिल्याच फेरीत निवडले गेले. तरीही वेस्ट व्हर्जिनियाविरुद्ध तीन गुणांच्या ३२ शॉटपैकी केवळ ४ साधल्यामुळे तो संघ उपांत्य फेरीच्या आधीच बाद झाला. याउलट १९९८ चा विजेता संघ ड्राफ्टच्या दृष्टीने साधा होता. त्या वर्षी त्यातून पहिल्या फेरीत मोहम्मद हा एकटाच, तोही एकोणतिसावा, निवडला गेला. त्याच संघाने ड्यूकविरुद्ध १७ गुणांची पिछाडी भरून काढून ८६-८४ असा विजय मिळवला होता.

१९४७-४८ आणि १९५३-५४ च्या संघांना या यादीत कुठे ठेवावे?

त्यांना स्वतंत्र ठेवणेच योग्य. १९४७-४८ चे ॲलेक्स ग्रोझा, राल्फ बिअर्ड, वॉलेस जोन्स, क्लिफ बार्कर आणि केनी रोलिन्स हे पाच जण त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकी संघात होते. पुढे १९५१ मध्ये महाविद्यालयीन काळातील सट्टेबाजीचे प्रकरण उघडकीला आले आणि ग्रोझा व बिअर्ड यांच्यावर एनबीएने आजन्म बंदी घातली. ग्रोझा तेव्हा एनबीएत सामन्यामागे वीसहून अधिक गुण करत होता. त्याची कारकीर्द दोनच हंगामांची राहिली. कारकिर्दीच्या लांबीवरून गुणवत्ता ठरवणे किती फसवे असते, याचे याहून ठळक उदाहरण सापडणार नाही. १९५३-५४ मध्ये क्लिफ हेगन, फ्रँक रॅम्झी आणि लू त्सिओरोपुलोस यांच्या बळावर संघाने २५ पैकी २५ सामने जिंकले. परंतु पदवी पूर्ण झालेली असल्यामुळे या तिघांना राष्ट्रीय स्पर्धेत खेळता येणार नव्हते आणि संघाने स्पर्धेलाच नकार दिला.

या काळाबद्दल बोलताना एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. केंटकीच्या संघात कृष्णवर्णीय खेळाडूला, टॉम पेन याला, १९७०-७१ च्या हंगामात प्रथम स्थान मिळाले. त्याआधीचे सर्व संघ, आणि त्यांच्यासमोर उभे राहणारे अनेक संघही, देशातील खेळाडूंच्या मोठ्या भागाला दाराबाहेर ठेवून निवडले गेले होते. त्या खेळाडूंचे कौशल्य खरेच होते, पण ज्यांच्याशी त्यांना झुंजावे लागले असते, त्यातले अनेक जण मैदानातच नव्हते. १९६६ च्या अंतिम सामन्यात टेक्सस वेस्टर्नने पाच कृष्णवर्णीय खेळाडू सुरुवातीला उतरवून केंटकीला ७२-६५ असे हरवले.

सर्व बाबी धरल्या, तर सर्वांत गुणवान संघ कोणता?

माझ्या मते १९९५-९६ चा. सर्वोत्तम एक खेळाडू निवडायचा असेल तर २०१२ चा डेव्हिस, आणि गुणी खेळाडूंची संख्या मोजायची असेल तर २०१५ चा संघ पुढे आहे, यात मला शंका नाही. परंतु सामन्याच्या कुठल्याही मिनिटाला मैदानात प्रत्यक्ष वापरात असलेली गुणवत्ता पाहिली, तर डेल्क, वॉकर, मॅकार्टी, अँडरसन, मर्सर, पोप आणि एप्स यांच्या संघाची बरोबरी दुसऱ्या कुणालाही करता आलेली नाही.

आजच्या संघांची तुलना या संघांशी करता येते का?

करता येते, पण जुने ठोकताळे बदलावे लागतात. २०२१ पासून खेळाडूंना महाविद्यालय बदलल्यावर वर्षभर थांबावे लागत नाही आणि त्याच वर्षीपासून त्यांना आपल्या नावावर व प्रतिमेवर पैसेही मिळवता येतात. १९९६ मध्ये संघात असलेले मार्क पोप २०२४ मध्ये केंटकीचे प्रशिक्षक झाले. आधीच्या संघातील शिष्यवृत्तीधारक खेळाडूंपैकी कुणीही मागे उरले नव्हते, त्यामुळे त्यांनी पहिला संघ मुख्यतः इतर महाविद्यालयांतून आलेल्या अनुभवी खेळाडूंमधून उभारला. सॅन डिएगो स्टेटचा लॅमॉन्ट बटलर, ओक्लाहोमाचा ओटेगा ओवे, डेटनचा कोबी ब्रे, ड्रेक्सेलचा अमारी विल्यम्स हे त्यातले प्रमुख. ड्राफ्टच्या हिशेबात हा संघ अगदीच सामान्य ठरतो, कारण २०२५ मध्ये त्यातून ब्रे एकेचाळिसावा आणि विल्यम्स सेहेचाळिसावा असे दोघेच, तेही दुसऱ्या फेरीत, निवडले गेले.

तरीही १२ नोव्हेंबर २०२४ रोजी याच संघाने ड्यूकला ७७-७२ असे हरवले. त्या ड्यूक संघातील कूपर फ्लॅग पुढच्या ड्राफ्टमध्ये पहिला, कॉन कनिपल चौथा आणि खमान मालुआच दहावा निवडला गेला. त्या रात्री तिघेही पहिल्या वर्षाचे होते आणि समोर मुख्यतः चौथ्या-पाचव्या वर्षाचे खेळाडू होते. हंगाम मात्र लांब असतो. केंटकीने तो २४ विजय आणि १२ पराभवांवर संपवला आणि राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या सोळा संघांच्या फेरीत टेनेसीकडून ७८-६५ असा पराभव पत्करला. १९९६, २०१२ किंवा २०१५ च्या पंक्तीत हा संघ बसत नाही, पण त्याला १९९८ च्या संघाशेजारी ठेवून पाहिले, तर दोन्ही संघांबद्दल बरेच काही नव्याने कळते.